ताडपत्रावरचा खसर्पण लोकनाथ : कामाच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024

ताडपत्री पोथीतल्या चित्राच्या मापाचं, त्याच जातीच्या रंगांनी, खसर्पण लोकनाथाचं एक चित्र करायला घेतलं आहे. लोकनाथ हे अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचंच नाव, आणि खसर्पण हे त्याचं एक ठरावीक रूप. पाल राजांच्या काळातल्या (आठवं ते बारावं शतक) बिहार-बंगालात आणि नेपाळात ते फार आवडतं होतं. असं काम करू पाहणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

या कामाकडे वळले ती एका पोथीमुळे. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात अ‍ॅड. 1643 या क्रमांकाची अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या महायान बौद्ध ग्रंथाची पोथी आहे. नेपाळ संवत 135 मध्ये, म्हणजे इ.स. 1015 मध्ये, ती नेपाळात लिहिली गेली. तिच्यात 85 चित्रं आहेत, आणि ही देवता कुठली, कोणत्या गावची, हे चित्रांलगत बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. त्यात कोकण आहे! कोकणातला लोकनाथ आहे, कृष्णगिरीवरचं खड्गचैत्य आहे. कृष्णगिरी म्हणजे आपली बोरिवलीजवळची कान्हेरी. आल्फ्रेड फूशे या फ्रेंच अभ्यासकाने 1900 साली या चित्रलेखांवरचं काम प्रसिद्ध केलं. डोंगररांगेपलीकडच्या खोऱ्यात बसून पोथी रंगवणाऱ्या माणसाच्या यादीत कोकणचा लोकनाथ होता, हे कळल्यापासून त्या चित्रकाराचं काम हाताने समजून घ्यायचं मनात होतं.

नक्कल मात्र करणार नाही. नक्कल करताना डोळ्याला दिसतं ते हात उतरवत जातो, देवाच्या हातात अमुक का आहे हे विचारायची वेळच येत नाही. म्हणून वर्णन वाचून चित्र करायचं, आणि अडेल तिथे जुनी चित्रं नि मूर्ती बघायच्या.

14 नोव्हेंबर

वर्णन घेतलं साधनमालेतून. देवतेचं ध्यान कसं करावं, तिचा रंग कोणता, हातांत काय, सोबत कोण, हे सांगणाऱ्या संस्कृत साधनांचा हा संग्रह. बिनयतोष भट्टाचार्य यांनी तो संपादित केला आणि बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 1925 आणि 1928 साली दोन भागांत आला. खसर्पणाच्या साधनातून चित्रकाराच्या कामाचं तेवढं वहीत उतरवून काढलं.

लोकनाथ चांदण्यासारखा पांढरा. तोंड एक, हात दोन. डोक्यावर जटामुकुट, त्यात अमिताभ बुद्ध. उजवा हात वरद मुद्रेत, डाव्या हातात देठासकट कमळ. उजव्या हातातून अमृताची धार खाली गळते आहे आणि खाली सूचीमुख नावाचा प्रेत, म्हणजे कायम भुकेला पिशाच-जीव, तोंड वर करून ती पितो आहे. सूचीमुख म्हणजे सुईच्या अग्राएवढं तोंड, पोट मोठं, बाकी अंगावर मांस नाही.

सोबत चौघं. तारा ही देवी हिरवी. डाव्या हातात धरलेलं निळं कमळ ती उजव्या हाताने उमलवते आहे. सुधनकुमार सोनेरी, वयाने पोर, हात जोडलेले आणि डाव्या काखेत पोथी. भृकुटी सोनेरी, चार हातांची, तीन डोळ्यांची, जटा वाढवलेली. तिच्या डाव्या हातांत त्रिदंडी (तीन दांड्यांची काठी) आणि कमंडलू. उजव्या हातांपैकी एक वंदन करणारा, दुसऱ्यात जपमाळ. हयग्रीव लाल, ठेंगणा, सुटलेल्या पोटाचा. केस ज्वाळांसारखे वर उभे, सापाचं जानवं, वाघाचं कातडं, हातात दंड.

म्हणजे माणसं सहा, त्यांचे हात चौदा, शिवाय अमिताभ. जागा किती? त्या पोथ्यांची पानं सुमारे पाच सेंटिमीटर उंच आणि अर्ध्या मीटरच्या आसपास लांब असतात. पानाला दोऱ्यासाठी दोन भोकं, सहा-सात ओळींचा मजकूर, आणि त्यात चित्रासाठी सोडलेला चौकोन. सीमारेषा वजा जाता माझ्या हाती उंचीला साडेचार सेंटिमीटर येतात. रुंदी साडेसहा धरली आहे. जुन्या चौकटींपेक्षा ही थोडी सैल आहे, पण चौघांना बसवायचं तर लागेल.

23 नोव्हेंबर

पानांवर 600 रुपये आणि दोन आठवडे वाया गेले. मागवली होती ती पानं ताडगोळ्याच्या ताडाची निघाली. ओडिशात ज्यावर लोखंडी लेखणीने कोरतात आणि मग काजळी चोळतात, ती हीच. कोरायला उत्तम, कारण ती जाड नि टणक असतात. रुंदी मात्र जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, आणि कुंचल्याचा रंग त्यांच्यावर बसत नाही.

पाल आणि नेपाळी पोथ्या श्रीताडाच्या पानावर असतात. श्रीताडाचं पान रुंद, पातळ, लवचिक. त्यावर शाईने लिहितात. विकणाऱ्याला नुसतं 'ताडपत्र' सांगू नका. श्रीताड हवं असं सांगा, आणि पैसे देण्याआधी पट्टीवर ठेवलेल्या पानाचा फोटो मागवा. केरळातून श्रीताडाची कच्ची पानं मागवली, पार्सलसकट 1,800 रुपये.

6 डिसेंबर

पानं आली. कोवळ्या, न उलगडलेल्या पात्याची आहेत, रंग फिका पिवळा. मधली शीर काढून पट्ट्या कापल्या. मोठ्या पातेल्यात हळद घालून मंद आचेवर उकळल्या, सावलीत सुकवल्या, मग दोन फळ्यांच्या मध्ये दाबून ठेवल्या. पहिल्या खेपेला उन्हात सुकवलेल्या पट्ट्या कडेने वळल्या आणि त्या परत सरळ झाल्याच नाहीत. सावली आणि दाब, दोन्ही हवं. घाई केली की पान सुरळी होऊन बसतं.

सुकल्यावर अकीकाच्या घोटणीने दोन्ही बाजू घोटल्या. घोटलेल्या पानावर तिरपा उजेड टाकला की उभे तंतू दिसतात. हे तंतू पुढे छळणार, कारण बारीक रेष त्यांच्या आडवी गेली की अडखळते. चौकटीसाठी पानातला सगळ्यांत सपाट भाग शोधून पेन्सिलीने खूण केली.

15 डिसेंबर

रंग. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात तबकी हरताळ आणि हिंगुळ दोन्ही खड्यांच्या रूपात मिळालं. हरताळ 50 ग्रॅम 250 रुपये, हिंगुळ 20 ग्रॅम 900. पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक, लाल हिंगुळ म्हणजे पारा आणि गंधक. हे रंग वाटायचे तर मास्क आणि हातमोजे घालूनच, दार-खिडकी उघडी, पंखा बंद. खलबत्ता याच कामाचा वेगळा, तो स्वयंपाकघरात परत जाणार नाही. कोरडं वाटू नका, पाणी घालून वाटा म्हणजे धूळ उडत नाही. कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती आधी मोडा. माझी बहीण रसायनशास्त्र शिकवते, तिने हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावलं. ते बरंच झालं. घरात लहान मूल असेल तर माझा सरळ सल्ला आहे, हे दोन रंग आणूच नका, त्या छटेचे आजचे बिनविषारी रंग वापरा.

निळीचा घोटाळा वेगळाच. 'नैसर्गिक नीळ' म्हणून आणलेली 120 रुपयांची पुडी केसांना लावायची निघाली. ती नुसती वाळवलेल्या पाल्याची पूड असते. कितीही वाटा, हिरवट चिखल होतो. चित्राला लागते ती पानं आंबवून, घुसळून, तळाशी बसलेल्या निळीची वडी. तोडल्यावर तिच्या आत गडद निळा दिसतो आणि नखाने घासलं की तांबूस चमक येते. ती 25 ग्रॅम 450 रुपयांना मिळाली.

शेंदूर मुद्दाम घेतला नाही, शिशाचा सफेदाही नाही. हरताळातलं गंधक आणि शिसं शेजारी आले की काळाने काळवंडतात. पांढऱ्यासाठी धुतलेली खडी, काळ्यासाठी तिळाच्या तेलाच्या दिव्याची काजळी. काजळी तेलकट असल्याने पाण्यावर तरंगते. डिंकाच्या दाट पाण्यात बोटाने मळून घेतली तेव्हा कुठे मिसळली.

29 डिसेंबर

कागदावर आराखडा. सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला, आणि जाणारच होता.

साधनात चौघांच्या जागा दिशांनी दिल्या आहेत. तारा समोर, सुधनकुमार उजव्या बाजूला, भृकुटी पश्चिमेला, हयग्रीव उत्तरेला. वाचताना हे गोंधळाचं वाटतं, कारण दोन जागा देवाच्या शरीरावरून सांगितल्या आहेत आणि दोन दिशांवरून. पण देव पूर्वेकडे तोंड करून बसला आहे असं धरलं की सगळं जुळतं. समोर पूर्व, उजवीकडे दक्षिण, पाठीमागे पश्चिम, डावीकडे उत्तर. वर्णन मंडलाचं आहे, देव मधोमध आणि चौघं चार दिशांना. चित्रकाराला ते वर्तुळ सपाट पानावर उलगडायचं आहे. समोरच्या तारेला समोर ठेवलं तर ती देवाला झाकणार, मागच्या भृकुटीला मागे ठेवलं तर ती दिसणारच नाही.

बंगालातल्या काळ्या दगडाच्या खसर्पण मूर्ती पाहिल्या तेव्हा तोडगा दिसला. तारा आणि सुधनकुमार देवाच्या उजव्या अंगाला, भृकुटी आणि हयग्रीव डाव्या अंगाला. म्हणजे समोरची उजवीकडे सरकवली, मागची डावीकडे, आणि बाजूंचे दोघं आपापल्या बाजूलाच राहिले. हे ठरवणारा माणूस साधन नीट समजलेला होता. मीही तेच घेतलं. देवाची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची डावी, हे आराखड्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

हयग्रीवाबद्दल एक सावधगिरी. नावात घोडा आहे आणि तिबेटी पटांतल्या हयग्रीवाच्या डोक्यावर घोड्याचं डोकं असतं, म्हणून मीही ते काढलं होतं. या साधनातल्या वर्णनात घोड्याचं डोकं नाही. पाल काळातल्या मूर्तींतही लोकनाथाच्या पायाशी असतो तो बुटका, ढेरपोट्या, दंडावर रेललेला सेवक. पुसून टाकलं. नंतरच्या काळातली किंवा दुसऱ्या मुलखातली खूण इथे आणली की चित्र ना इकडचं राहतं ना तिकडचं.

5 जानेवारी 2025

कान्हेरीला गेले. चित्रासाठी लागणारं मोजमाप तिथे मिळणार नव्हतं, तिथलं शिल्प पोथीच्या कितीतरी आधीचं आहे. पण लोकनाथ मोठ्या मापात डोळ्यांसमोर हवा होता. 90 क्रमांकाच्या लेण्यात संकटांतून सोडवणारा अवलोकितेश्वर आहे. मध्ये तो उभा, दोन्ही कडांना छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं त्याला हाक मारताना. 41 क्रमांकात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. त्याच्यासारखा दुसरा भारतातल्या लेण्यांत नाही.

पाहण्यासारखी गोष्ट ही की 90 मधल्या त्या छोट्या चौकटींत माणूस कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही, दगड फार झिजला आहे. कळतं ते शरीराच्या वळणावरून आणि समोर काय आहे त्यावरून. माझी चौघं दीड सेंटिमीटरची आहेत. त्यांचे चेहरे मीसुद्धा दाखवू शकणार नाही, तेव्हा देहाची रेष आणि हातातली वस्तू एवढ्यावरच ओळख पटली पाहिजे.

12 जानेवारी

आराखडा पुन्हा मांडला. प्रत्येक आकृतीसाठी एक प्रश्न ठेवला: हातभर अंतरावरून कुठल्या एका खुणेने ही ओळखू येईल?

तारा: छातीशी आलेले दोन्ही हात आणि त्यांच्यामधलं निळं कमळ. एरवी तारा काढताना उजवा हात वरद मुद्रेत सोडायची सवय असते, बहुतेक चित्रांत तसंच दिसतं. इथे ती कमळ उमलवते आहे. ही हालचाल मला फार आवडली, म्हणून तिच्यासाठी तारेचा खांदा किंचित वळवला.

सुधन: काखेतली पोथी. आधी ती आजच्या पुस्तकासारखी चौकोनी झाली होती. सुधनाच्या काखेतली पोथी लांब, अरुंद, दोन फळ्यांत बांधलेलीच असणार, म्हणजे मी ज्यावर रंगवते आहे त्याच घडणीची. ती आडवी काढली आणि शरीराच्या मागे टोक बाहेर आलं, तशी ती लगेच ओळखू यायला लागली. हा पोरगा गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथाचा नायक. एकेका गुरूकडे जात जात तो पोतलक पर्वतावर अवलोकितेश्वरापाशी पोचतो. त्याच्या काखेत पोथी असणं मला अगदी बरोबर वाटतं.

भृकुटी: उभी त्रिदंडी. चार हातांपैकी दोन तर बाहीच्या रेषेएवढेच दिसणार. पण काठीची सरळ रेष या सगळ्या वळणदार चित्रात एकटीच आहे, ती डोळ्याला लगेच सापडते. मुकुट द्यायचा नाही. ती तपस्विनी आहे, जटाच.

हयग्रीव: पोट आणि वर उभे केस.

लोकनाथ ललितासनात, डावा पाय दुमडलेला, उजवा खाली सोडलेला. उजवा हात गुडघ्यावरून पुढे आला की त्याच्याखाली सूचीमुखाला जागा आपोआप होते.

19 जानेवारी

पहिला रंग लावला आणि तो थेंब थेंब होऊन पानावरून सरकला. पानाच्या अंगचं मेण. घोटल्याने ते अजून वर आलं होतं. चौकटीपुरत्या भागावर खडीची कोरडी पूड बोटाने हलके चोळली, मऊ कापडाने पुसली, मग डिंकाच्या अगदी पातळ पाण्याचा एक हात दिला. आता रंग बसतो. सबंध पानाला हे करू नका, शाईच्या अक्षरांसाठी घोटलेला भागच चांगला.

पान एका बाजूने ओलं झालं की वळतं. चारही टोकांना पट्टी लावून फळीवर दाबून ठेवलं आणि एका वेळी फार थोडा भाग ओला केला.

2 फेब्रुवारी

पार्श्वभूमीचा रंग ठरवताना दोन पानं हातची गेली.

पहिल्यावर लाल जमीन घेतली, हिंगुळाची. पांढरा लोकनाथ तिच्यावर झळकला, हिरवी तारा उठून दिसली, आणि लाल हयग्रीव नाहीसा झाला. दुसऱ्यावर निळी जमीन घेतली. हयग्रीव दिसायला लागला, सोनेरी दोघं तर छानच, पण तारा बुडाली. तिचा हिरवा नीळ आणि हरताळ मिळूनच होतो, निळ्यावर तो शेवाळासारखा मिसळून गेला.

देवतांचे रंग ठरलेले आहेत, त्यांत हात घालता येत नाही. तारा हिरवीच, हयग्रीव लालच. बदलू शकते ती फक्त त्यांच्या मागची जागा. म्हणून जमीन निळी ठेवली, लोकनाथाच्या मागे लाल प्रभामंडळ, आणि तारेच्या मागे तिचं स्वतःचं छोटं लाल प्रभामंडळ. हयग्रीवाला वेगळं काही लागत नाही, निळ्यावरचा लाल पुरेसा आहे. शिवाय त्याचे पिंगट केस हरताळाने उठतात.

हे जमल्यावर पुन्हा जुनी पोथीचित्रं पाहिली. प्रभामंडळं, तक्के, चौकटीतले रंगांचे तुकडे यांच्याकडे आधी मी सजावट म्हणून बघत होते. आता तिथला एकेक तुकडा कुणाला तरी वाचवण्यासाठी बसवलेला दिसतो. चित्रकार साधनातल्या रंगांना धक्का न लावता त्यांच्या आजूबाजूला वाट काढत होता. माझ्या मते ध्यानाच्या मजकुरात जे लिहिलेलं नाही आणि चित्रात मात्र आहे, त्यातच त्या कारागिराची बुद्धी पाहावी.

8 फेब्रुवारी

हिरवा. नीळ आणि हरताळ वेगवेगळे वाटून वाटीत मिसळले तर पाच मिनिटांत हरताळ तळाशी आणि नीळ वर. कुंचला प्रत्येक वेळी वेगळा रंग उचलतो. दोन्ही एकत्र, डिंकाच्या पाण्यासकट, बराच वेळ वाटल्यावर मिश्रण टिकलं. तरी दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ढवळावं लागतं.

हरताळ एकटा वापरताना उलटं लक्षात ठेवा. फार बारीक वाटला की फिका पडतो आणि त्याची सोनेरी चमक जाते. सुधन आणि भृकुटीसाठी थोडा भरड ठेवला. हिंगुळ मात्र जितका वाटाल तितका खुलतो. वाटून झाल्यावर पाण्यात बसवून वर आलेली मळी ओतून द्यावी.

16 फेब्रुवारी

पांढरा. देवच पांढरा, म्हणून हा रंग नासला तर सगळं चित्र गेलं. खडी ओली असताना जवळजवळ पारदर्शक असते, खालचं पिवळं पान दिसतं, आणि घाबरून अजून जाड लावलं की सुकल्यावर भेगा. पातळ हात, पूर्ण सुकू द्यायचं, पुन्हा पातळ हात. चौथ्या-पाचव्या हातानंतर अंग भरलं. टायटॅनियम पांढऱ्याने हे एका हातात झालं असतं, ज्यांना फक्त चित्र हवं आहे त्यांनी तोच घ्यावा.

बाह्यरेषा आधी काळी काढली होती. पांढऱ्या अंगावर ती तारेच्या कुंपणासारखी टोचायला लागली. पुसून हिंगुळात किंचित काजळी घालून तांबडी रेष ओढली. अंगाला ऊब आली. काळी रेष फक्त केस, डोळे आणि भुवयांना ठेवली. काखेत, पोटाच्या वळीत, मानेच्या तीन रेघांपाशी त्याच तांबड्याचं पाणी करून अगदी हलकी छाया दिली.

22 फेब्रुवारी

उजवा हात. सगळ्या चित्रात यावरच माझा सर्वांत जास्त जीव.

वरद मुद्रा म्हणजे तळवा बाहेर, बोटं खाली. तळव्याची लांबी चार मिलिमीटर. बोटं वेगवेगळी काढायचा प्रयत्न केला की पंजा होतो. शेवटी बोटांचा एकच आकार भरला, त्याला तांबड्या तीन रेषांनी विभागलं आणि अंगठा तेवढा वेगळा केला. तळव्याच्या मध्यभागी हिंगुळाचा फिका ठिपका दिला, त्याने तळवा आपल्याकडे वळलेला आहे हे कळलं.

त्याखाली अमृताची धार. पांढरी सलग रेष ओढली तर ती काठीसारखी दिसते, भृकुटीच्या त्रिदंडीशी स्पर्धा करते. म्हणून सुट्टे थेंब. त्यांच्या खाली सूचीमुख. मी त्याला करडा, धुरकट ठेवला, वर पांढरा हात आहे म्हणून. मान मागे टाकलेली, बरगड्यांच्या तीन रेघा, पोट फुगलेलं. तोंड काढलंच नाही. कुंचल्याचं टोक जिथे नुसतं टेकलं तेवढंच त्याचं तोंड, आणि शेवटचा थेंब बरोबर त्यावर.

बऱ्याच पोथीचित्रांत जागेअभावी सूचीमुख गाळलेला असतो आणि सोबत्यांतली दोघंच ठेवलेली असतात. तेही चालतं, लोकनाथ ओळखू येतो. पण हा भुकेला जीव खाली असला की वरचा हात खूण म्हणून नुसता दाखवलेला राहत नाही, तो काही तरी देताना दिसतो. सुईएवढ्या तोंडात मावेल एवढंच, थेंबाथेंबाने. जागा असेल तर त्याला गाळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

1 मार्च

निळ्या जमिनीचा एक पापुद्रा उडाला. पान फळीवरून सोडवताना थोडं वाकलं तेवढंच निमित्त. डिंक जास्त झाला होता. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर काचेसारखा कडक होऊन सुटतो. आता प्रमाण असं: बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून, पाण्यासारखा पातळ, आणि वाटीभर डिंकपाण्यात मधाचे दोन-तीन थेंब. मधाने रंगाला थोडी लवचिकता येते. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब. उडालेला भाग कोरडाच खरवडून, पुन्हा खडी चोळून, नव्या डिंकाने भरला. जोड दिसतो, जवळून पाहिलं तर.

9 मार्च

जटामुकुटातला अमिताभ. उंची दोन मिलिमीटर. हिंगुळाचा बदामाच्या आकाराचा ठिपका, त्यावर काजळीचा केसांचा बिंदू, खाली मांडीची एक आडवी रेष. संपलं. पण पांढऱ्या अंगाच्या आणि काळ्या जटांच्या वर एवढाच लाल आहे, म्हणून डोळा तिथे जातोच. अमिताभ लाल आणि लोकनाथ त्याच्या पद्मकुळातला (अमिताभाच्या देवतापरिवारातला), ही ओळख त्या ठिपक्यात येते. हा ठिपका विसरलात, तर हातात कमळ असूनही बोधिसत्त्व कोणता याची शंका उरते. मैत्रेय असता तर मुकुटात स्तूप आला असता.

कमळाबद्दलही एक टीप. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे, आणि त्याच्या उजव्या हातात निळं कमळ आहे. ते पाचव्या शतकातलं. पाल काळापर्यंत वाटण्या पक्क्या झालेल्या दिसतात. निळं कमळ तारेकडे आणि मंजुश्रीकडे, लोकनाथाच्या डाव्या हातात पद्म. अजिंठा आठवून काढायला जाल तर हातही चुकेल आणि फूलही.

डोळे सगळ्यांत शेवटी, सकाळच्या उजेडात, तीन शून्यांच्या कुंचल्यातले बाजूचे केस कापून उरलेल्या टोकाने. भृकुटीचा तिसरा डोळा कपाळावर उभी तांबडी रेष म्हणूनच राहिला.

15 मार्च

एकूण खर्च 5,740 रुपये. त्यात वाया गेलेली ताडाची पानं नि केसांची नीळ धरून वर लिहिलेले 4,120, कुंचले 740, अकीकाची घोटणी 500, मास्क-हातमोजे 380. डिंक, मध, खडी, तेल घरातलं. हेच काम पुन्हा केलं तर निम्म्याहून कमी लागेल, कारण रंग भरपूर उरले आहेत.

उरलेला हरताळ आणि हिंगुळ काचेच्या बाटलीत, नाव आणि 'विषारी' अशी चिठ्ठी लावून, कुलपात. धुतलेलं पाणी मोरीत ओतलं नाही. डब्यात आटवून त्याचा गाळ बंद करून ठेवला आहे.

पान दोन सागवानी फळ्यांत, मध्ये मलमल, वर दोरा सैल बांधलेला. घट्ट बांधलं तर दमट दिवसांत रंग कापडाला चिकटेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून सावलीत वारा द्यायचा.

पुढचं पान अष्टमहाभयांचं: लोकनाथ मध्ये आणि हत्ती, सिंह, साप, चोर, आग, पाणी अशा आठ मोठ्या भयांत सापडलेली माणसं भोवती. जमीन लाल घेणार आहे, कारण त्यात हयग्रीव नाही.